इन्फ्रारेड टॉर्चला ड्रायव्हर कोणता लावायचा?

पांढऱ्या टॉर्चमधला एलईडी काढायचा, त्या जागी इन्फ्रारेड एलईडी डागायचा, की झाला रात्रीच्या कॅमेऱ्यासाठी टॉर्च तयार, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. टॉर्च लागतोही. पण थोड्याच वेळात तो हातात धरवत नाही इतका तापतो, सेल निम्म्या वेळात उतरतो आणि कॅमेऱ्यातल्या चित्रावर आडवे पट्टे पळायला लागतात. या तिन्ही दुखण्यांचं मूळ ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेलमधून एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटमध्ये असतं. पांढऱ्या एलईडीचा ड्रायव्हर इन्फ्रारेडला का जमत नाही आणि मग कोणता घ्यायचा, हे आज जरा सविस्तर लिहितो.

मला हा टॉर्च घुबडांसाठी हवा होता. वाईच्या बाजूला ओळखीतल्या एका आबांचा जुना चौसोपी वाडा आहे. त्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी राहते. रात्री पिल्लांचा घोरल्यासारखा फुस्स-फुस्स आवाज खालच्या सोप्यापर्यंत येतो. आबांचा त्या घुबडांवर फार जीव, कारण कणगीतल्या धान्याला लागणारे उंदीर त्यांनीच आटोक्यात ठेवलेत. कॅमेरा लावू का विचारलं तर म्हणाले, "लाव की. पर उजेड नको बाबा, पिल्लं हायत. दिव्यानं बुजत्याल ती." त्यांची अट अगदी रास्त होती. समोरच्या सोप्यात रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला जोडलेला नॉयर कॅमेरा, म्हणजे ज्याच्या पुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढलेली असते तो, आणि मधे चौकाचं बारा-तेरा मीटर अंतर. एवढ्या अंतरावर माळ्याचं तोंड नीट दिसेल इतका अदृश्य उजेड हवा होता. शिवाय तोच टॉर्च हातात घेऊन मागच्या शेताच्या बांधावर बसता यावं, म्हणून तो भिंतीला ठोकायच्या दिव्यासारखा अवजड नको होता.

आधी एलईडीबद्दल, कारण ड्रायव्हरचं सगळं गणित तिथूनच निघतं. बाजारात दोन तरंगलांबीचे एलईडी सर्रास मिळतात, ८५० आणि ९४० नॅनोमीटर. ८५० वाल्याकडे अंधारात थेट पाहिलं तर मंद लालसर ठिपका दिसतो. ९४० वाल्याचा तोही जवळपास दिसत नाही. पण कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर ९४० ला बराच मंद असतो. तेवढंच उजळ चित्र हवं तर दुप्पट किंवा त्याहूनही जास्त प्रकाश टाकावा लागतो. चौकाच्या अंतरासाठी मी ८५० घेतला. लालसर ठिपक्याकडे घुबडांनी ढुंकूनही पाहिलं नाही, निदान मला तरी तसं कधी दिसलं नाही.

आता खरा मुद्दा. एलईडीमधून जो प्रकाशाचा कण बाहेर पडतो त्याची ऊर्जा तरंगलांबीवर ठरते, आणि ती ऊर्जा देण्याइतकं व्होल्टेज एलईडीवर पडावंच लागतं. हिशोब सोपा आहे. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा एलईडी असतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा. त्याचे येतात २.७६, म्हणून पांढरा एलईडी ३ व्होल्टच्या आसपास चालतो. ८५० चे येतात १.४६ आणि ९४० चे १.३२. म्हणून साधा इन्फ्रारेड एलईडी भरपूर करंटलाही १.६ ते २ व्होल्टमध्येच राहतो. लिथियम सेल ४.२ व्होल्टवर भरलेला असतो, बहुतेक वेळ ३.७ च्या आसपास असतो आणि ३ वर आला की रिकामा. पांढऱ्या एलईडीचं आणि या सेलचं गोत्र जुळतं. टॉर्चचे बहुतेक ड्रायव्हर त्याच जोडीसाठी बनलेले असतात. इन्फ्रारेडच्या बाबतीत मात्र सेल आणि एलईडीच्या मधे दोन व्होल्टची दरी उरते. ती दरी कशी भरायची, हाच ड्रायव्हर निवडण्याचा सगळा प्रश्न.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी एलईडी घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "साहेब, तीन वॅटचा आहे, कोणत्याही तीन वॅटच्या ड्रायव्हरवर चालतो." वॅटवरून ड्रायव्हर निवडायची ही सवय सगळीकडे आहे आणि इथे ती नडते. एलईडीला वॅट नाही, करंट द्यायचा असतो, आणि व्होल्टेज तो स्वतः ठरवतो. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम केलं ते त्याचं व्होल्टेज मोजायचं. एलईडी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मल पेस्ट लावून बसवला, बेंच सप्लायवर, म्हणजे करंट-व्होल्टेज हवं तसं ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या पॉवर सप्लायवर, करंटची मर्यादा लावली आणि १००, ३५०, ७०० मिलिअँपिअरला एलईडीच्या पायांवरच प्रोब टेकवून व्होल्टेज लिहून घेतलं. ७०० ला १.७ व्होल्ट आलं. मग तो तसाच चालू ठेवला. पट्टी गरम होत गेली तसं व्होल्टेज हळूहळू उतरत गेलं. हे ज्याने स्वतः पाहिलं तो एलईडीला नुसतं ठरावीक व्होल्टेज कधीच देणार नाही. कारण व्होल्टेज तेवढंच ठेवलं आणि एलईडी तापला, तर करंट वाढतो, त्याने तो आणखी तापतो, आणि हे चक्र एलईडी जळेपर्यंत थांबत नाही. ड्रायव्हरने करंट धरून ठेवायचा, व्होल्टेज नाही.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे रेझिस्टर. सेल ३.७, एलईडी १.७, मधे २ व्होल्ट. ७०० मिलिअँपिअर हवे तर २.८५ ओहम, आणि त्यावर १.४ वॅटची उष्णता. वर सेल ४.२ ला असताना करंट ८७० च्या पुढे जाणार आणि ३ वर आला की ४५० ला उतरणार. म्हणजे रात्रभराच्या रेकॉर्डिंगमध्ये चित्र सुरुवातीला पांढरंफटक आणि पहाटे अंधुक. दाराजवळच्या छोट्या कॅमेऱ्याला ५० मिलिअँपिअरचे दोन-चार एलईडी लावायचे असतील तर रेझिस्टर उत्तम, कोणी उगाच सर्किट करत बसू नये. टॉर्चला मात्र नको.

एलएम ३१७ ही व्होल्टेज रेग्युलेटरची चिप करंट सोर्स म्हणून जोडायची युक्ती आमच्या पिढीच्या सगळ्यांना पाठ असते. पण त्याला करंट ठरवणाऱ्या सेन्स रेझिस्टरवर १.२५ व्होल्ट आणि स्वतःसाठी आणखी दीड-दोन व्होल्ट लागतात. एका सेलवर तेवढी जागाच नाही.

मग येतो टॉर्चवाल्यांचा लाडका एएमसी ७१३५. नखाएवढी, तीन पायांची चिप. एलईडी आणि सेलच्या ऋण टोकाच्या मधे टाकली की ३५० मिलिअँपिअर धरून ठेवते. दोन समांतर लावल्या की ७००, तीन लावल्या की १०५०. इंडक्टर (तारेचं वेटोळं) नाही, सेटिंग नाही, आणि स्वतःसाठी तिला जेमतेम ०.१२ व्होल्ट पुरतात. पांढऱ्या एलईडीला याहून चांगलं काही नाही. पण ही लिनियर चिप आहे. सेल आणि एलईडीमधला जो काही फरक असेल तो सगळा ती उष्णतेत घालवते. सेल पूर्ण भरलेला असताना आमच्या १.७ व्होल्टच्या एलईडीला एका चिपवर २.५ गुणिले ०.३५, म्हणजे जवळजवळ ०.९ वॅट पडतात. एवढ्याशा अंगाच्या चिपला ते सोसवत नाही.

एक वेगळा एलईडी घेतला तर मात्र हीच चिप सोन्यासारखी चालते. ओसरामसारख्या कंपन्यांचे काही इन्फ्रारेड एलईडी दुहेरी असतात. एकाच चिपमध्ये दोन जंक्शन, म्हणजे प्रकाश देणारे थर, एकावर एक रचलेले. त्यांचं व्होल्टेज ३ च्या आसपास जातं आणि तेवढ्याच करंटमध्ये प्रकाश जवळपास दुप्पट पडतो. ३ भागिले ३.७, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर ऊर्जा एलईडीत जाते. मघाशी म्हटलेलं गोत्र इथे पुन्हा जुळतं. तेव्हा ज्यांना एका सेलचा, खिशात मावणारा टॉर्च हवा आहे त्यांना माझा सल्ला एवढाच, की पैसे ड्रायव्हरवर घालू नका, दुहेरी एलईडीवर घाला आणि दोन ७१३५ लावून मोकळे व्हा. घेताना डेटाशीटमधला, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातला, फॉरवर्ड व्होल्टेजचा आकडा पाहिला की एलईडी एकेरी आहे की दुहेरी ते लगेच कळतं.

माझ्याकडे होते एकेरी. चांदणीच्या आकाराच्या अॅल्युमिनियम पट्टीवर तीन, आणि त्यांच्यावर बसणारी तिहेरी लेन्स. प्रकाशही मला एका एलईडीपेक्षा जास्त हवा होता. मग दोन मांडण्या समोरासमोर ठेवून पाहिल्या, सेल दोन्हीकडे तेच, १८६५० आकाराचे २६०० मिलिअँपिअर-तासाचे दोन.

पहिली मांडणी अशी. दोन्ही सेल समांतर, तिन्ही एलईडी समांतर आणि प्रत्येकाला दोन ७१३५. एकूण करंट २.१ अँपिअर. एलईडींना मिळतात ३.६ वॅट आणि चिपा तापवण्यात जातात ४.२ वॅट. सेल अडीच तासांत संपतात.

दुसरी मांडणी. दोन्ही सेल सिरीजमध्ये, म्हणजे ६ ते ८.४ व्होल्ट. तिन्ही एलईडीही सिरीजमध्ये, म्हणजे ५.१ व्होल्ट. मधे बक ड्रायव्हर, जो जास्तीचं व्होल्टेज जाळण्याऐवजी इंडक्टरमध्ये साठवून परत देतो. एलईडींना तेवढेच साडेतीन वॅट, पण बॅटरीतून जातात फक्त ३.८ वॅट. दोन सेलमध्ये १९ वॅट-तासांची शिदोरी असते, म्हणजे पाच तास.

सेल तेच, एलईडी तेच, उजेड तोच आणि वेळ दुप्पट. वर टॉर्चच्या नळीत चार वॅटची शेगडी पेटत नाही ते वेगळंच. या तुलनेनंतर माझ्यापुरता निर्णय झाला.

एका गोष्टीचा इशारा इथेच देऊन ठेवतो. दुकानात एलईडी ड्रायव्हर म्हणून बूस्ट प्रकारचेही बोर्ड मिळतात, जे व्होल्टेज वाढवून देतात. एलईडीचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी असेल तर बूस्ट सर्किटचा काहीच ताबा राहत नाही. करंट बॅटरीतून इंडक्टर आणि डायोडमधून सरळ एलईडीत घुसतो. एक लिथियम सेल आणि एक इन्फ्रारेड एलईडी या जोडीला बूस्ट ड्रायव्हर चुकूनही लावू नका. एका निकेल-मेटल-हायड्राइड पेन्सिल सेलवर, म्हणजे १.२ व्होल्टवर टॉर्च करायचा असेल तरच त्याचा विचार करावा.

बक ड्रायव्हरमध्ये मी पीटी ४११५ घेतला. ६ ते ३० व्होल्टवर चालतो, १.२ अँपिअरपर्यंत देतो आणि आपल्याकडे एलईडीच्या स्पॉटलाइटमध्ये इतका वापरला जातो की दुरुस्तीवाल्याकडेही सापडतो. ज्या मोठ्या निळ्या बोर्डांवर करंट आणि व्होल्टेजचे दोन स्क्रू असतात ते टेबलावर चाचणीला छान, पण त्यातल्या एक्सएल ४०१५ ला निदान ८ व्होल्ट लागतात. आमचे दोन सेल थोडेसे उतरले की त्याचं काम संपलं. शिवाय तो बोर्ड टॉर्चच्या नळीत जात नाही.

पीटी ४११५ चे तयार बोर्ड बहुतेक छतातल्या छोट्या स्पॉटलाइटसाठी असतात. ते १२ व्होल्ट एसीवर चालावेत म्हणून आत येणाऱ्या वाटेवरच चार डायोडचा ब्रिज असतो. बॅटरीवर त्याचा उपयोग शून्य आणि नुकसान पाऊण ते एक व्होल्टचं. म्हणजे चिपला ६ व्होल्ट मिळायला बॅटरी ७ च्या जवळ हवी, आणि दोन सेलमधला शेवटचा भाग वाया. मी ते डायोड हॉट एअरने उचलून काढले. आता सेल उलटे बसले तर वाचवायला कोणी नाही, म्हणून त्या जागी खटक्यासारखं काम करणारा पी-चॅनल मॉस्फेट टाकला, एओ ३४०१. ड्रेन बॅटरीकडे, सोर्स सर्किटकडे, गेट ऋणाला. सेल सरळ असले की तो उघडतो, उलटे असले की बंद राहतो. अर्ध्या अँपिअरला त्याच्यावर ०.०३ व्होल्ट पडतं. डायोडच्या एका व्होल्टऐवजी ०.०३. एवढ्याशा बदलाने मला फार समाधान दिलं.

करंट ठरतो एका रेझिस्टरवर, तोच सेन्स रेझिस्टर. ०.१ भागिले ओहम, की अँपिअर निघाले. ०.१५ ओहम लावला तर ०.६७ अँपिअर. ऐकायला सोपं आहे, पण ०.१५ ओहम म्हणजे किती थोडं याची कल्पना हातात सोल्डरिंग आयर्न घेतल्यावरच येते. २४ गेजची हुकअप वायर दहा सेंटिमीटर घेतली तर तिचाच रोध ८ मिलिओहमच्या घरात जातो. तो या रेझिस्टरच्या वाटेत आला तर करंट पाच टक्क्यांनी कमी झालाच म्हणून समजा. सोल्डरचा डाग सुकट, भुरकट असेल तर विचारूच नका. म्हणून हा रेझिस्टर चिपच्या पायांना लागूनच बसवायचा, मधे वायर घ्यायची नाही आणि डाग चकचकीत, पायाला लपेटून बसलेला हवा. मी ०.३० चे दोन समांतर लावले. ०.१५ मोजायला साधा मल्टिमीटर कामाचा नाही, त्याच्या प्रोबच्या वायरीच ०.२ दाखवतात. बेंच सप्लायने त्यातून बरोबर १ अँपिअर सोडायचा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे. १५० आले की रेझिस्टर ठीक. माझ्याकडे १५२ आले.

बाकी जोडणी डेटाशीटमध्ये असते तशीच. बॅटरीच्या धन टोकाकडून सेन्स रेझिस्टर, मग तिन्ही एलईडी, मग ६८ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर आणि तिथून चिपचा स्विच पाय. त्याच पायापासून बॅटरीच्या धन टोकाकडे शॉटकी डायोड. इंडक्टर घेताना सॅच्युरेशनचा आकडा, म्हणजे किती करंटपर्यंत तो नीट काम करतो तो, निदान दीड अँपिअर असलेला घ्या. बारीक इंडक्टर जागा वाचवतो, पण तापतो आणि करंट डगमगायला लागतो. आत येणाऱ्या वाटेवर १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर चिपला जितका जवळ लावता येईल तितका बरा.

कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांचा विषय राहिला, आणि माझ्या मते इन्फ्रारेड टॉर्चच्या बाबतीत तोच सगळ्यात दुर्लक्षित आहे. टॉर्चच्या ड्रायव्हरमध्ये लो-मीडियम-हाय असे मोड असतात. उजेड कमी करायला ते एलईडी झटपट चालू-बंद करतात, पीडब्ल्यूएम. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. पण मोबाइलचा किंवा रास्पबेरी पायचा कॅमेरा सगळं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ टिपत येतो. सेकंदाला ३० चित्रं आणि प्रत्येकात हजारावर ओळी धरल्या तर एका ओळीच्या वाट्याला ३० मायक्रोसेकंदांच्या आसपास येतात. ड्रायव्हर सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होत असेल, तर तीस-बत्तीस ओळींमागे एक पट्टा उजळ-काळा होणार. एक्स्पोजर लहान असेल तेव्हा तर पट्टे ठसठशीत दिसतात. डोळ्याला दिसणाऱ्या टॉर्चमध्ये हे चालून जातं. इन्फ्रारेड टॉर्चचा उजेड मात्र कॅमेऱ्याशिवाय कोणी पाहतच नाही.

पीटी ४११५ चा करंटही अगदी सपाट नसतो, इंडक्टरमुळे थोडा वरखाली होत राहतो. पण ते इतक्या वेगाने होतं की एका ओळीच्या वेळात अनेक चढउतार होऊन जातात आणि सरासरी तीच राहते. राहिला प्रश्न उजेड कमी-जास्त करायचा. जवळ पाहायचं असेल तर पूर्ण उजेडाने चित्र पांढरं पडतं, म्हणून ती सोय हवीच. या चिपच्या डिम पायाला ०.५ ते २.५ व्होल्टपर्यंत स्थिर व्होल्टेज दिलं तर करंट त्या प्रमाणात खरोखर कमी होतो, नुसता चालू-बंद होत नाही. मी टीएल ४३१ या चिपने पक्के अडीच व्होल्ट तयार केले, १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून, आणि त्यावर १० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर, लावला. आता उजेड पूर्ण ते साधारण एक पंचमांश असा सलग फिरवता येतो, आणि सेल उतरले तरी ठरवलेली जागा हलत नाही. कोणत्याही जागेवर पट्टा नाही. हा पॉट लावला तेव्हा ही चिप निवडल्याचं खरं सार्थक झालं.

मोजमाप केलं तेव्हा बॅटरी ७.६ व्होल्ट होती, आत जाणारा करंट ०.५ अँपिअर, म्हणजे ३.८ वॅट. एलईडींवर ५.१ व्होल्ट आणि ०.६७ अँपिअर, म्हणजे ३.४ वॅट. ९० टक्के.

उष्णतेबद्दल थोडं. ड्रायव्हर थंड राहिला तरी एलईडी तापतोच, कारण दिलेल्या ऊर्जेतला निम्म्याहून अधिक भाग त्याच्यात उष्णता होतो. तो जितका तापेल तितका प्रकाश कमी होतो, दर अंशाला ०.३ ते ०.५ टक्के. पांढरा टॉर्च मंद झाला की लगेच दिसतं. इथे डोळ्याला काहीच कळत नाही, म्हणून हीटसिंककडे जास्तच लक्ष द्यायचं. एलईडीची पट्टी टॉर्चच्या आतल्या अॅल्युमिनियमच्या गोलावर स्क्रूने घट्ट बसवा. डिंकासारख्या चिकटपट्टीवर विसंबू नका.

दोन सेल सिरीजमध्ये वापरताना एकाच वयाचे, एकाच क्षमतेचे घ्या आणि दोन सेलचा संरक्षण बोर्ड लावाच. पीटी ४११५ सेलची काळजी घेत नाही. मी सेल काढून वेगवेगळे चार्ज करतो, त्यामुळे एक भरलेला आणि एक अर्धा अशी जोडी टॉर्चमध्ये जात नाही.

आणि डोळे. यावर मी कोणाचंही ऐकून घेणार नाही. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून थेट पडद्यापर्यंत जातो. तो दिसत नसल्यामुळे पापणी मिटत नाही, मान वळत नाही, आणि अंधारात बाहुली तर मोठी झालेली असते. आमच्या घरी पुतण्या येतो, त्याला प्रत्येक टॉर्चच्या तोंडात डोकावून पाहायचं असतं. "काका, हा लागतच नाही" असं म्हणत त्याने हा टॉर्च डोळ्याशी नेला असता. म्हणून मागच्या टोपणात एक छोटा लाल एलईडी बसवला, ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरवर, एक मिलिअँपिअरच्या थोडा वर. टॉर्च चालू असेपर्यंत तो लागलेला राहतो. टॉर्च लागतो का हे पाहायचं तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर भिंतीवर उजेड पाडून पाहायचं. बऱ्याच फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा फिल्टर मागच्याइतका कडक नसतो, त्यामुळे जांभळट उजेड दिसतो. कॅमेरा असो की डोळा, टॉर्चच्या तोंडासमोर थेट धरायचा नाही, हा नियम त्याला पाठ करून घेतलाय.

वाड्यात आता टॉर्च समोरच्या सोप्याच्या खांबाला बांधलेला असतो, पॉट निम्म्यावर. एवढ्यावर बारा-तेरा मीटरला माळ्याचं तोंड, घुबडाच्या छातीवरचे ठिपके आणि पायातला उंदीर सगळं स्पष्ट येतं, आणि निम्म्या करंटवर सेल रात्रभर पुरतात. आबा सकाळी चहाबरोबर रेकॉर्डिंग बघतात आणि रात्रीत किती उंदीर आले ते कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

त्यांच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त मास्तरांनीही एक टॉर्च मागितलाय, पण त्यांना तो खिशात मावायला हवा आहे, ओढ्याकडेला साळिंदर येतं ते पाहायला. त्यांच्यासाठी बकचा विचारच केला नाही. एक सेल, एक दुहेरी ८५० एलईडी, दोन ७१३५, मोड नाहीत, पीडब्ल्यूएम नाही, नुसता एक खटका. भाग मागवलेत. सर स्वतःच डाग देणार म्हणतायत, मी फक्त शेजारी बसणार आहे.